गेल्या सालची मैना

“मासे कुठं आहेत?” मी विचारलं.

“तुमच्याच घरात,” हिंदूराव म्हणाला. “आक्का बोलली न्हाई व्हय?”

आक्का म्हणजे माझी बायको मालन. ती बोलली नव्हती. दोन दिवस आमच्या टीव्हीशेजारी एक काचेची पेटी होती आणि तिच्यात सोनेरी मासे फिरत होते, हे मला दिसलं होतं. पण संसाराला बरीच वर्षं झाली की घरात नवी वस्तू दिसल्यावर माणूस विचारत नाही. विचारलं तर उत्तर मिळतं.

“आणि पन्हाळा?”

“दस्तगीरच्या पोरीनं नेला. शाळंत प्रकल्प हाय तिचा.”

“खालची हिरवळ?”

“ती काय.” त्यानं अंगणातल्या शेळीकडं बोट केलं. शेळी प्लॅस्टिकच्या हिरवळीवर ऐसपैस बसली होती. तिनं एका कोपऱ्याची चव घेऊन पाहिलेली दिसत होती. पुढं गेली नव्हती.

मी बाजेवर बसलो. तासाभरात मुंबईहून समिती येणार होती. हिंदूराव चौगले हा माझा मेव्हणा, कोल्हापुरात फुलेवाडी नाक्याच्या स्टँडवरचा रिक्षावाला, आणि मैना ही त्याची रिक्षा. समिती मैनेला बघायला येत होती. समितीकडं जे फोटो होते ते मीच काढून पाठवले होते: ड्रायव्हरच्या सीटमागं माशांची पेटी, पायाखाली हिरवळ, मागच्या काचेपुढं थर्माकोलचा पन्हाळा, तीन दरवाजासकट. आणि मैना आता ताडपत्रीखाली झाकलेली होती, आत यांपैकी काहीही नव्हतं.

अडचण अशी होती की मैना म्हातारी झाली होती. पासिंगच्या ऑफिसनं तिला शेवटची मुदत दिली होती. त्यानंतर ती भंगारात जाणार. हिंदूरावानं बाकीचं सगळं आयुष्य जेमतेम रेटलं होतं, पण मैनेच्या बाबतीत तो राजा होता. दर महाराष्ट्र दिनाला आमच्याकडं सुंदर रिक्षा स्पर्धा भरते. गावातल्या रिक्षा नटून मैदानात उभ्या राहतात आणि लोक बायकापोरांसह बघायला येतात. त्यात मैनेचा पहिला नंबर किती वेळा आला हे हिंदूराव सांगत नसे. समोरच्यानं विचारावं अशी सोय मात्र तो करत असे.

अशात मी पेपरात वाचलं की सरकारनं एक लोकवारसा समिती नेमली आहे. तिनं एखाद्या गोष्टीला वारसा म्हणून मान्यता दिली की ती गोष्ट मोडता येत नाही. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. घरातल्या लोकांना माझ्या विषयाचा उपयोग व्हावा, अशी ती पहिलीच वेळ होती. मी प्रस्ताव लिहिला आणि रिक्षा सजवण्याची परंपरा मागं ढकलत ढकलत संस्थानी रथांपर्यंत नेऊन पोचवली. हिंदूरावाचं म्हणणं होतं की अजून मागं जायला हरकत नव्हती.

“फोटोत एक आणि अंगणात दुसरंच,” मी म्हटलं. “ते काय म्हणतील?”

“काय म्हणत्यात? मुंबईहून सरकारी पावणं येणार, आणि त्यास्नी गेल्या सालचं दाखवू?”

“ते गेल्या सालचंच बघायला येतायत.”

“दाजी, तुमच्या लग्नात आम्ही आक्काला जुनं लुगडं नेसवून उभी केली असती तर?”

मला या रिक्षावाल्यांचा कायदा माहीत होता. पुढची स्पर्धा जवळ आली की जुनी सजावट उतरते आणि मैदानात दिसते ती कोरी. एकदा दाखवलेलं परत दाखवत नाहीत. नाक्यावर कुणाच्या सात पिढ्या काढल्या तरी चहा पिऊन मिटतं. पण ‘गेल्या सालचं’ एवढे दोन शब्द कुणी रिक्षाकडं बघून बोललं, तर दोन्ही घरांतलं येणंजाणं बंद होतं. हे सगळं मला ठाऊक असताना मी हिंदूरावाला ‘काही बदलू नको’ असं सांगितलं नव्हतं. पाहुणे येणार म्हटल्यावर घर झाडू नका, असं कुणी सांगतं का?

“निदान आत काय केलंयस ते दाखव.”

“पावणं येऊद्यात.”

दस्तगीर बागवान तोंडात लोखंडी चुका धरून ताडपत्रीखालून बाहेर आला. गावातल्या निम्म्या रिक्षांचं कुशन आणि रेक्झिन त्याच्या हातचं. त्यानं चुका तळहातावर काढल्या आणि म्हणाला, “दाजी, काळजी सोडा. असलं काम आजवर झालेलं न्हाई.”

माझी काळजी तीच होती.

समिती म्हणजे दोन माणसं निघाली. डॉ. नीलांबरी कर्णिक लोककलांच्या अभ्यासक होत्या. हातमागाची साडी, गळ्यात कॅमेरा, आणि चेहरा असा की आपण कुठं तरी काही तरी चुकवलेलं आहे. त्यांच्यामागं श्री. शेवडे, अवर सचिव. बारीक, टक्कल पडलेले, रेक्झिनची बॅग दोन्ही हातांनी पोटाशी धरलेले. गाडीतून उतरल्यावर ते जिथं सावली होती तिथं जाऊन उभे राहिले आणि कुणी ‘बसा’ म्हणेपर्यंत बसले नाहीत.

चहा झाला. हिंदूरावानं आणि दस्तगीरनं ताडपत्रीची दोन टोकं धरली आणि ओढली.

मागची सीट नव्हती. तिच्या जागी उंच पाठीची फिरती खुर्ची होती आणि खुर्चीच्या पाठीवर पांढराशुभ्र टर्किश टॉवेल होता. पुढं वीतभर रुंदीचं टेबल, त्यावर काच, काचेखाली हिरवं कापड आणि काचेवर पेपरवेट. बाजूच्या रेक्झिनवर सागवानाच्या फळ्या हुबेहूब रंगवल्या होत्या. वर एक पिटुकला पंखा. ड्रायव्हरच्या सीटला पाठीमागून दोन घडीचे स्टूल, भेटायला येणाऱ्यांसाठी, साहेबांच्या खुर्चीपेक्षा चांगलेच बुटके. टेबलाच्या कडेला घंटीचं बटण. हुडाच्या कडेवर पाटी: ‘परवानगीशिवाय आत येऊ नये.’

“साहेबांची केबिन,” हिंदूराव म्हणाला. “आपली माणसं येणार, त्यास्नी बसाय त्यांच्यासारखी जागा नको?”

डॉ. कर्णिकांनी हातातले फोटो पाहिले, केबिन पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं.

“प्राध्यापक, ही ती रिक्षा नाही.”

“तीच आहे,” मी म्हटलं. “फक्त तशी नाही.”

“मासे कुठे आहेत?”

“त्यांच्या घरात,” हिंदूरावानं माझ्याकडं हात केला. बाई माझ्याकडं ज्या नजरेनं बघू लागल्या, ती सरकारी मालमत्ता घरी नेणाऱ्याकडं बघायची नजर होती.

“हे बघा चौगले,” त्या म्हणाल्या, “आम्ही वारसा जतन करतो. जतन म्हणजे मूळ स्वरूप. त्याला हात लावायचा नाही.”

“म्हंजे कंपनीतनं आली तशी?”

“तशी नाही हो. ही, फोटोतली.”

“ती तर गेल्या सालची.”

“म्हणूनच.”

“बाई, तुम्ही शिकलेल्या हाईसा. पर गेल्या सालचं हे तोंडातनं काढू नका हितं. शेजारी ऐकत्यात.”

हे चालू असताना श्री. शेवडे कुणाच्या लक्षात नव्हते. ते मैनेभोवती एक फेरी मारून आले होते. त्यांनी टॉवेलला बोट लावून पाहिलं.

“बसा की साहेब,” दस्तगीर म्हणाला. “त्यासाठीच हाय.”

शेवडे वाकून आत शिरले, बसले. बॅग टेबलावर ठेवली. मग ती उचलून खाली ठेवली. पेपरवेट डावीकडून उजवीकडं केला. खुर्ची अर्धी फिरवून परत आणली. आणि त्यांनी घंटी वाजवली.

आवाज अस्सल होता. सरकारी इमारतीत जन्म गेलेल्या माणसाला अंगावर काटा यावा असा. हिंदूराव दोन ढांगांत मैनेच्या कडेला गेला आणि हात मागं बांधून उभा राहिला.

“जी, साहेब?”

शेवड्यांनी थोडा विचार केला.

“बाहेर कोण आहे?”

“कर्णिक मॅडम आल्यात.”

“त्यांना पाच मिनिटं थांबायला सांगा.”

हिंदूराव आमच्याकडं आला. बाई त्याच्यापासून चार हातांवर होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं, तरी त्यानं निरोप रीतसर सांगितला. “साहेब कामात हैत. पाच मिनिटं.”

आणि डॉ. कर्णिक थांबल्या. का, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. टॉवेल, घंटी आणि हात मागं बांधलेला माणूस असं एकत्र दिसलं की आपल्याकडं माणूस थांबतोच. त्यात पीएचडीचा काही उपयोग होत नाही. घंटी पुन्हा वाजल्यावर त्या आत जाऊन बुटक्या स्टूलवर बसल्या. त्यांचं डोकं साहेबांच्या टेबलाच्या थोडं वर येत होतं.

“बोला मॅडम. काय अडचण आहे?”

“शेवडे, तुम्हाला माहीत आहे काय अडचण आहे. मूळ स्वरूप राहिलेलं नाही.”

“हे लोक दर वर्षी सगळं बदलतात?”

“म्हणतात तसं.”

“किती वर्षं बदलतायत?”

“यांच्या प्रस्तावात तर रथापासून.”

मी शेळीकडं पाहिलं.

“म्हणजे बदलणं हेच मूळ स्वरूप झालं,” शेवडे म्हणाले. “फोटोत एक आहे, इथं दुसरं आहे. परंपरा पाळल्याचा पुरावा आपल्या हातात आहे. फोटोतलंच इथं सापडलं असतं, तर मी हरकत घेतली असती.”

“पण जतन—”

“मॅडम, जन्मभर मंत्रालयात आहे मी. जतन केलेलं सगळं बघितलंय. वाळवीसकट.”

डॉ. कर्णिकांचा चेहरा हळूहळू सैल झाला. त्यांनी वर पंख्याकडं पाहिलं, मग फळ्यांवर बोट फिरवलं आणि त्या रंगवलेल्या आहेत हे कळल्यावर हसल्या. “सागवान आहे असं वाटलं मला,” त्या म्हणाल्या. बाहेर दस्तगीरची छाती इंचभर वर आली.

मैना वाचली. आदेश आला, त्यात मैनेला ‘चल लोकवारसा’ असं म्हटलं होतं आणि तिला भंगारात काढण्यास मनाई होती. मात्र अट होती: दर वर्षी स्पर्धेच्या दिवशी तपासणी होईल, आणि मागील वर्षाच्या तुलनेत पुरेसा बदल आढळला नाही तर मान्यता आपोआप रद्द. हिंदूरावानं ती अट मला दोनदा वाचायला लावली आणि म्हणाला, “हे म्हंजे माशाला पवायची सक्ती.”

त्या वर्षी स्पर्धेत केबिनला पहिला नंबर मिळाला. आणि इथं गोष्ट संपायला हवी होती.

पुढच्या वर्षी एप्रिल अर्धा सरल्यावर दस्तगीर माझ्या घरी आला. आला तो चहाही नको म्हणाला.

“दाजी, तुमच्या मेव्हण्याला काय झालंय? नवं रेक्झिन आणून ठेवलंय, तर मला हात लावू देत न्हाई. केबिन तशीच हाय.”

“तशीच म्हणजे?”

“टॉवेल धुऊन इस्त्री केलाय. तेवढंच.”

मालन आतून म्हणाली, “मी सांगून दमलो त्याला. ‘आक्का, तू यात पडू नको’ म्हणतो.” आमच्याकडं बायका असंच बोलतात, बाहेरच्यांना पुरुष बोलतोय असं वाटतं आणि घरातल्यांनाही कधी कधी.

मी नाक्यावर गेलो. हिंदूराव साहेबांच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होता.

“दिवस किती राहिले माहीत आहे?”

“हाय की.”

“मग?”

“बघू की.”

“बदल दिसला नाही तर मान्यता जाईल. मान्यता गेली की दुसऱ्या दिवशी पासिंगवाले येतील. मैना भंगारात जाईल, हिंदूराव.”

त्यानं पेपराची घडी केली. “दाजी, मैना माझी हाय न्हवं?”

“आहे.”

“मग बघू की.”

याच्यापुढं कोल्हापुरात बोलणं होत नाही. मला वाटलं, सरकारनं बदल म्हणून सांगितलं म्हणूनच हा बदलत नाही. आमच्याकडच्या माणसांचा तो स्वभाव आहे. जेवतानासुद्धा ‘जेव’ म्हटलं की हात थांबतो. मी घरी येऊन मालनला तसं सांगितलं. ती म्हणाली, “तुमास्नी वाटतंय तेवढा तो येडा न्हाई.” म्हणजे थोडा आहे, असा मी अर्थ घेतला.

महाराष्ट्र दिनाच्या सकाळी मैदानात रिक्षांची रांग लागली. एकीत बर्फाचा डोंगर होता आणि खरोखर गार वारा येत होता. एकीचं टप उघडझाप करणारं कमळ झालं होतं. रांगेच्या टोकाला मैना, केबिनसकट. तिच्यापुढं लोक यायचे, बघायचे आणि न बोलता पुढं जायचे. न बोलणं हे बोलण्यापेक्षा वाईट होतं. शेवटी कमळवाल्यानं तोंड उघडलं.

“काय चौगले. गेल्या सालचं?”

दस्तगीरनं मान खाली घातली. मी हिंदूरावाचा हात धरायला पुढं झालो. पण हिंदूराव नुसता म्हणाला, “व्हय. गेल्या सालचं.” आणि टॉवेलावरची धूळ झटकली.

मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

डॉ. कर्णिक येतील अशी माझी अटकळ होती, आणि त्यांच्यासाठी एक युक्तिवादही मी पाठ केला होता. बदलण्याच्या परंपरेत न बदलणं हाच सगळ्यांत मोठा बदल, असा काहीतरी. तो मला घरी बरा वाटला होता. मैदानात उन्हात तो मनातसुद्धा म्हणवेना. पण आले ते एकटे शेवडे. वर्षभरात अजून बारीक झालेले, बॅग तशीच पोटाशी.

“मॅडम परिषदेला गेल्यात,” ते म्हणाले. “मलाच पाठवलं. तसंही शेवटचंच. या महिनाअखेर रिटायर होतोय.”

ते रांग बघत बघत आले. बर्फाचा डोंगर पाहिला, कमळ उघडलेलं पाहिलं. मैनेपुढं येऊन थांबले. खुर्ची, टॉवेल, काच, पेपरवेट, पंखा.

“चौगले, तुम्ही मोडलं नाही?”

“न्हाई साहेब.”

“अट वाचली होती ना? मीच घातली होती.”

“वाचली. दाजींनी दोनदा वाचली.”

“मग तपासणीत मी काय लिहू? बदल कुठं आहे?”

“हाय की. तिकडच्या अंगानं बगा.”

आम्ही सगळेच वळसा घालून पलीकडं गेलो. त्या बाजूला, खुर्चीच्या वर, पितळेची पाटी बसवली होती. अक्षरं कोरून काळी भरलेली: ‘पां. ग. शेवडे, अवर सचिव.’

शेवड्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पाटी तीच होती.

“आद्याक्षरं कुठून मिळाली?”

“आदेशावर सही हाय तुमची.”

ते आत जाऊन बसले. मी हिंदूरावाला बाजूला ओढलं. “हे काय आहे?”

“गेल्या साली मॅडम गाडीनं पुढं गेल्या, तवा मी साहेबांस्नी स्टेशनवर सोडाय गेलो न्हवतो का? वाटंत सहज इचारलं, साहेब, तुमची केबिन याच्यापेक्षा मोठी असंल. तर म्हणालं, केबिनच न्हाई. सहाजणांत एक खोली हाय आणि पाठीला कपाट हाय. कपाट उघडायचं झालं की यास्नी उठावं लागतंय.” त्यानं टोपी सारखी केली. “दोनदा मिळणार व्हती म्हणं. दोन्ही बारीला दुसऱ्याला दिली. मग उतरताना इचारलं, पुढच्या वर्षी हे मोडणार? म्हटलं, मोडणार. तर म्हणालं, मोडायलाच पाहिजे, नियम हाय. आणि टॉवेलाची घडी घालून गेलं.”

“आणि आज मॅडम आल्या असत्या तर?”

“तर गेली असती मैना भंगारात.”

हे त्यानं ज्या आवाजात सांगितलं, त्या आवाजात तो ‘पेट्रोल संपलं’ म्हणत असे.

आत शेवडे लिहीत होते. मी काचेवरून उलटं वाचलं: ‘मागील वर्षाच्या तुलनेत पुरेसा बदल आढळला.’ त्यांनी खाली सही केली, आणि तिच्याकडं जरा लांबून बघितलं.

निकाल लागला. बर्फाचा डोंगर पहिला आला. मैनेचा नंबर शेवटून पहिला होता आणि तो माइकवरून सांगायची काही गरज नव्हती, सांगितला. दुपारच्या गाडीला वेळ होता, म्हणून शेवडे म्हणाले की सावकाश जाऊ. हिंदूरावानं मैना काढली. मी बुटक्या स्टूलवर बसलो, साहेबांकडं तोंड करून.

दसरा चौकात आम्हाला थांबावं लागलं. शेजारी ट्रॅफिकचा हवालदार उभा होता. त्यानं आत वाकून पाहिलं, बहुधा जादा सीट धरावी म्हणून. त्याला टॉवेल दिसला. मग पाटी दिसली. त्यानं पाटी वाचली, टाच जुळवली आणि कडक सॅल्यूट ठोकला.

शेवड्यांनी काचेखालच्या हिरव्या कापडावरून नजर उचललीही नाही. नुसती मान किंचित हलवली, रोज असे कितीतरी सॅल्यूट येत असल्यासारखी, आणि मला म्हणाले, “हं, प्राध्यापक. तुमचं काय काम होतं?”